आवडते पात्र आणि मनाचा रोजमेळ



सुट्टीच्या दिवसांत घराघरांतून हल्ली एक खेळ रंगतो. ‘तुमचे आवडते कार्टून-पात्र सांगा, आम्ही तुमचा स्वभाव सांगतो’, असा तो खेळ. टॉम आवडत असेल तर तुम्ही तापट, जेरी आवडत असेल तर चतुर, नोबिता आवडत असेल तर आळशी, असे त्याचे ठोकताळे ठरलेले असतात. मुले हसतात, मोठी माणसेही हसतात आणि खेळ संपतो. कधीकधी मात्र तो संपत नाही. थट्टेत दिलेले नाव मुलाला चिकटून राहते आणि वर्षानुवर्षे निघत नाही. म्हणून या खेळाकडे या वेळी थोड्या बारकाईने पाहावे, असे मनात आले.

आवडीवरून स्वभाव कळतो काय? काही अंशी कळतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु आवड दोन वाटांनी जन्मते. जे आपल्यात आहे ते दुसऱ्यात दिसले की जवळीक वाटते; आणि जे आपल्याला करावेसे वाटते पण करता येत नाही, ते दुसरा करताना दिसला तरीही जवळीक वाटते. शिस्तीच्या घरात वाढलेल्या मुलाला खोडकर जेरी आवडतो तो याच दुसऱ्या कारणाने. त्यामुळे पात्राचे नाव ऐकून स्वभावाचा निकाल देणे हे जमाखर्चाची एकच बाजू पाहून नफा जाहीर करण्यासारखे आहे.

स्वभावाची पारख करण्याचा हा छंद आपल्या परंपरेला नवा नाही. आपल्या अनेक मंदिरांच्या भिंतींवर जांभळाच्या झाडाचे आणि सहा माणसांचे चित्र आपण पाहिलेले आहे. सहाही जण भुकेलेले आहेत आणि सहाही जणांना जांभळेच हवी आहेत. एक म्हणतो, झाड मुळापासून तोडू. दुसरा म्हणतो, मोठी फांदी तोडली तरी पुरे. तिसऱ्याला लहान डहाळी पुरते, चौथ्याला फळांचे घोस पुरतात, पाचवा फक्त पिकलेली फळे खुडू म्हणतो आणि सहावा झाडाखाली आपोआप गळून पडलेली फळे वेचतो. कृष्ण, नील, कापोत, तेजो, पद्म आणि शुक्ल अशा सहा लेश्या या एका चित्रातून बालकालाही समजतात. तेजोलेश्येलाच काही परंपरांत पीत लेश्या म्हणतात.

या चित्राची खुबी अशी की त्यात ‘तुला काय आवडते?’ असा प्रश्नच नाही. आवड सहाही जणांची एकच आहे. ती पुरी करण्यासाठी तू इतरांचे किती नुकसान करायला तयार आहेस, एवढाच प्रश्न तेथे विचारला आहे. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. लेश्या ही माणसाच्या कपाळावर कोरलेली मुद्रा नसते. परिणाम बदलले की लेश्या बदलते. सकाळी दुकान उघडताना पद्म लेश्येत असलेला मनुष्य दुपारी उधारीच्या वादात नील लेश्येत उतरू शकतो आणि संध्याकाळी सामायिकाला बसल्यावर पुन्हा वर चढू शकतो.

आयुष्याची उमेदीची वर्षे बँकेत ताळेबंद वाचण्यात गेल्यामुळे मला हे हिशेबाच्या भाषेत लवकर उमगते. प्रत्येक ताळेबंदाच्या माथ्यावर एक तारीख असते. 31 मार्चला पेढीची जी स्थिती होती ती त्यात दिसते. 1 एप्रिलची स्थिती वेगळी असू शकते. जाणता अधिकारी एकाच ताळेबंदावर कर्जाचा निर्णय देत नाही. तो तीन वर्षांचे ताळेबंद शेजारी शेजारी मांडतो आणि आकडे कोणत्या दिशेला चालले आहेत ते पाहतो. आवडत्या पात्रावरून स्वभाव पाहायचाच असेल तर तोही असाच, तारीख घालून आणि दिशा बघून पाहावा.

त्यासाठी आपल्याकडे क्रोध, मान, माया आणि लोभ हे चार कषाय आहेत. शास्त्रकारांनी प्रत्येक कषायाच्या चार चार पायऱ्या सांगितल्या आहेत आणि त्या दृष्टांतांनी समजावल्या आहेत. मुलांच्या परिचयाची चार पात्रे घेऊन ही मोजपट्टी लावून पाहू.

पहिले पात्र अर्थातच टॉम. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या जोडीने 1940 मध्ये हे मांजर आणि हा उंदीर पडद्यावर आणले आणि पुढे या मालिकेतील लघुपटांना सात ऑस्कर पारितोषिके मिळाली. अनेक आजींचा आक्षेप असतो की अहिंसेचे संस्कार असलेल्या घरात ही मारामारी कशाला? आक्षेप रास्त आहे. कारण हिंसेचे मूळ भावात असते, आणि हातोडा चित्रातला असला तरी पाहणाऱ्याचा भाव खरा असतो. परंतु याच मालिकेतून क्रोधाचे एक उत्तम उदाहरणही दाखवता येते. अगदी पहिल्या लघुपटात घरातील बाई मांजराला ताकीद देते की आणखी एक वस्तू फुटली तर तुला घराबाहेर काढीन. उंदीर हे ऐकतो आणि मग काचेचे पेले हाती घेऊन मांजराला नाचवतो. शेवटी भांडी फुटतात ती मांजराच्याच घरातील आणि बाहेर जावे लागते ते मांजरालाच. क्रोधाचे बिल कोणाच्या नावावर फाटते, हे याहून सोप्या रीतीने सांगणे कठीण आहे.

क्रोधाच्या चार पायऱ्या म्हणजे दगडावरची रेघ, जमिनीवरची भेग, वाळूवरची रेघ आणि पाण्यावरची रेघ. टॉम तापट खरा, पण पुढचा भाग सुरू झाला की मागचे सारे पुसलेले असते, आणि काही भागांत तर दोघे मिळून एखाद्या पिल्लाला सांभाळतानाही दिसतात. आपल्या बाजारपेठांत मात्र सख्खे भाऊ एका भिंतीच्या दोन बाजूंना दुकाने थाटून दहा-दहा वर्षे एकमेकांशी बोलत नाहीत, वाढदिवसाला जात नाहीत, अंत्ययात्रेला तेवढे येतात. अशा घरातील मुलाने टॉम आवडतो म्हटले तर त्याला तापट म्हणण्यापूर्वी मोठ्यांनी स्वतःची रेघ कशावर ओढली आहे ते तपासावे.

दुसरा कषाय मान. त्यासाठी 1995 चा ‘टॉय स्टोरी’ हा चित्रपट घ्यावा. संपूर्णपणे संगणकावर तयार झालेला हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. अँडी नावाच्या मुलाचे लाडके खेळणे म्हणजे वुडी हा काऊबॉय. खोलीतील सर्व खेळण्यांत त्याचा शब्द चालतो. वाढदिवसाला बझ लाइटइयर हे झगमगते नवे खेळणे येते आणि वुडीची पलंगावरची जागा जाते. वुडीला ते सहन होत नाही. दुसरीकडे बझ स्वतःला खेळणे मानतच नाही. आपण खरोखरीचे अंतराळवीर आहोत, अशी त्याची ठाम समजूत असते. एके दिवशी दूरदर्शन संचावर स्वतःचीच जाहिरात पाहून त्याला सत्य कळते. तरीही तो जिन्याच्या कठड्यावरून उडू पाहतो, खाली कोसळतो आणि त्याचा हात निखळतो.

व्यापारी घरात हे दोघेही आढळतात. चाळीस वर्षे गादीवर बसलेले काका आणि व्यवस्थापनाची पदवी घेऊन परतलेला पुतण्या यांच्यात संगणकावर बिले करण्यावरून जी धुसफूस चालते, तिच्यात वुडी कोण आणि बझ कोण हे सांगायला नको. काकांना जागा गेल्याचे दुःख असते, पुतण्याला आपण उडू शकतो याची खात्री असते. मान दोघांतही आहे. एकाचा अनुभवाचा, दुसऱ्याचा ज्ञानाचा. आठ मदांमध्ये दोघांचीही सोय आहे. मानाचे चार दृष्टांत म्हणजे दगडी खांब, हाड, लाकूड आणि वेत. खांब वाकत नाही, मोडतो. वेत वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. चित्रपटात शेवटी दोघे एकमेकांच्या आधाराने संकटातून सुटतात, आणि सुटका होते ती दोघांनीही थोडे वाकल्यावरच. मुलाने बझचे नाव घेतले तर त्यात गर्व शोधण्याची घाई नको. अनेक मुलांना तो पडल्यानंतरचा बझ आवडतो. आपण खेळणे आहोत हे कळूनही मित्राच्या मदतीला उठणारा.

तिसरा कषाय माया. येथे माया म्हणजे ममता नव्हे, कपट, हे तरुण वाचकांसाठी सांगून ठेवतो. यासाठी जे पात्र निवडायचे ते आज आपल्या घरांत सर्वांत अधिक परिचयाचे आहे, ते म्हणजे नोबिता. फुजिको एफ. फुजिओ यांची डोरेमॉन ही चित्रकथा जपानमध्ये 1969 च्या अखेरीस मुलांच्या मासिकांतून सुरू झाली आणि 1979 पासून तिची दीर्घ दूरचित्रवाणी मालिका चालली. परीक्षेत शून्य मिळवणारा, दुपारी झोपणारा, गुणांचा कागद आईपासून लपवणारा नोबिता, आणि त्याच्या प्रत्येक अडचणीवर खिशातून उपकरण काढणारे बाविसाव्या शतकातील यंत्रमांजर डोरेमॉन.

ही कथा मुळात कशावरून सुरू होते हे व्यापारी कुटुंबांनी जरूर लक्षात घ्यावे. मोठेपणी नोबिता धंदा काढतो, तो बुडतो आणि कर्ज इतके होते की त्याच्या खापरपणतूच्या काळापर्यंत ते फिटत नाही. म्हणून तो खापरपणतू भूतकाळात येतो आणि पूर्वजाला वळण लावण्यासाठी डोरेमॉनला त्याच्याकडे ठेवतो. एका पिढीच्या आळसाचे व्याज चौथ्या-पाचव्या पिढीने भरावे, ही कल्पना पतपुरवठ्याचे काम केलेल्या माणसाला मुळीच अद्भुत वाटत नाही. आणि उपकरणांचे काय होते? नोबिता जेव्हा जेव्हा आडवाटेने फळ मिळवू पाहतो तेव्हा तेव्हा उपकरण उलटते आणि त्याची स्थिती पूर्वीपेक्षा बिकट होते. मायेच्या चार पायऱ्यांत सर्वांत वाकडी सांगितली आहे ती बांबूच्या मुळाची. नोबिताची लबाडी त्या पायरीची नाही. ती भीतीपोटी आहे, आईचा ओरडा टाळण्यापुरती आहे आणि संध्याकाळपर्यंत उघडकीलाही येते. ज्या घरात पहिला प्रश्न ‘किती गुण मिळाले?’ हाच असतो, त्या घरात कागद लपवण्याची कला मुले आपोआप शिकतात.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आमच्या परिचयातील एका कापड-व्यापाऱ्याच्या घरी धाकट्या मुलाला सर्वजण नोबिता म्हणत. सुरुवात भावंडांनी केली. मग काका म्हणू लागले, मग दुकानातील नोकरही. गिऱ्हाइकांसमोर ‘आमचा नोबिता’ अशी ओळख होऊ लागली. दहावीनंतर त्या मुलाने दुकानाची पायरी चढणे बंद केले. घरचे म्हणत, बघा, नाव सार्थ केले. मुलगा मात्र शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांना दररोज वर्तमानपत्र वाचून दाखवत असे. हे घरच्यांना त्या गृहस्थांच्या निधनानंतर, त्यांच्या मुलीने येऊन सांगितले तेव्हा कळले. एवढी वर्षे घरात एकच ताळेबंद वाचला जात होता, आणि तोही जुन्या तारखेचा.

विशेष म्हणजे नोबिताच्या निर्मात्याने स्वतः त्याच्यावर असा शिक्का मारलेला नाही. डोरेमॉन आल्यापासून नोबिताचे भविष्य बदलत जाते. पुढे त्याचा विवाह गुणी शिझुकाशी ठरतो, तेव्हा लग्नाच्या आदल्या रात्री तिचे वडील तिला समजावतात. नोबिताला दुसऱ्याच्या सुखाने सुख होते आणि दुसऱ्याच्या दुःखाने दुःख होते, म्हणून तुझी निवड योग्य आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय आहे. याला आपण अनुकंपा म्हणतो, आणि सम्यक्त्वाच्या पाच लक्षणांत तिची गणना होते. शून्य गुणांच्या कागदामागे दडलेली ही शिल्लक त्या सासऱ्यांनी पाहिली. मग एखाद्या मुलाला नोबिता आवडतो याचा अर्थ त्याला आळस आवडतो असाच कशावरून? चुकतमाकत राहणाऱ्यालाही कोणीतरी मित्र असतो, हा दिलासा त्याला आवडत असेल.

याच मालिकेतील दोन पात्रे आपल्या घरांना आणखी जवळची आहेत. दांडगाई करणाऱ्या जियानची आई दुकान चालवते आणि त्यालाही दुकानाच्या कामाला लावते. सुनियो श्रीमंत बापाचा मुलगा, आलेले प्रत्येक नवे खेळणे मित्रांसमोर मिरवणारा. मुले सुनियोला हसतात. परंतु लग्नपत्रिकेच्या वजनावरून आणि पंगतीतील पदार्थांच्या संख्येवरून आपण जी स्पर्धा लावतो ती मुले पाहत असतात. सुनियो हे पात्र त्यांना परके वाटत नाही, याचा विचार मोठ्यांनी करावा.

चौथा कषाय लोभ, आणि त्यासाठी स्क्रूज मॅकडकहून योग्य पात्र सापडणार नाही. कार्ल बार्क्स या चित्रकाराने 1947 मध्ये एका चित्रकथेत त्याला जन्म दिला. नाव घेतले ते चार्ल्स डिकन्सच्या 1843 च्या कथेतील कंजूष स्क्रूजवरून. 1987 मध्ये डिस्नेची ‘डकटेल्स’ मालिका आली आणि पुढे ती हिंदीतून दूरदर्शनवर रविवारी दाखवली गेली. आज चाळिशीत असलेल्या वाचकांना ती आठवत असेल. नाण्यांनी भरलेल्या प्रचंड तिजोरीघरात हा बदक सूर मारून पोहतो.

बूट पुसून मिळवलेले पहिले नाणे स्क्रूज काचेखाली जपून ठेवतो. आपल्याकडे सकाळची भवानी डोळ्यांना लावून गल्ल्यात टाकणाऱ्याला ही भावना सहज समजेल. पहिल्या कमाईविषयीचा आदर म्हणजे श्रमाविषयीचा आदर आहे, त्यात दोष नाही. स्क्रूजने संपत्ती उभी केली तीही कष्टाने, सोन्याच्या शोधात बर्फाळ प्रदेश तुडवून. दोष सुरू होतो तो पोहण्यापासून. उमास्वातींनी परिग्रहाची व्याख्या करताना वस्तूकडे बोट न दाखवता वस्तूविषयीच्या मूर्च्छेकडे दाखवले. नाणी मोजणे हा व्यवहार आहे. नाण्यांत बुडणे ही मूर्च्छा आहे.

येथे उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाची आठवण होते. त्याच्याकडे चार कोटी सुवर्णमुद्रा ठेव म्हणून होत्या, चार कोटी व्याजाने लावलेल्या होत्या आणि चार कोटी घर-व्यवहारात गुंतलेल्या होत्या. शिवाय दहा दहा हजार गायींची चार गोकुळे. बँकेतील माणसाने मान डोलवावी अशी ही विभागणी आहे: गंगाजळी, गुंतवणूक आणि खेळते भांडवल. स्क्रूजची तर सारी मालमत्ता जणू एकाच तिजोरीत आहे. पण दोघांतील खरा फरक त्यापुढचा आहे. भगवान महावीरांसमोर श्रावकव्रते घेताना आनंदाने मर्यादा घातली, की आता यापुढे अधिक नको. ‘पुरे’ हा शब्द उच्चारता येणे, एवढाच तो फरक. लोभाच्या पायऱ्या रंगांनी सांगितल्या आहेत. सर्वांत गडद तो कृमिरंग, वस्त्र जीर्ण झाले तरी न जाणारा. सर्वांत फिका तो हळदीचा, उन्हात टाकला की उडणारा. स्क्रूजचा रंगही हळूहळू फिका होताना मालिकेत दिसतो, आणि त्याला कारण ती तीन लहान पुतणी-भाचरे, जी त्याच्या ओसाड वाड्यात राहायला येतात. डबक्यासारखा साचलेला पैसा मुलांच्या सहवासात वाहता होतो.

तर मग हा खेळ घरी खेळू नये काय? अवश्य खेळावा. फक्त त्याची रीत थोडी बदलावी. मुलाने पात्राचे नाव सांगितले की लगेच स्वभाव सांगू नये. तीन प्रश्न विचारावेत. त्याने केलेली कोणती गोष्ट तुला सर्वांत आवडली? त्याने काय केलेले तुला आवडले नाही? आणि त्याच्या जागी तू असतास तर काय केले असतेस? पहिल्या उत्तरातून ओढ कळते, दुसऱ्यातून विवेक कळतो आणि तिसऱ्यातून दिशा कळते. मग तेच तीन प्रश्न मुलांना मोठ्यांना विचारू द्यावेत. आजोबांनीही आपले आवडते पात्र सांगावे आणि त्याच्यातील न आवडलेली गोष्टही सांगावी. त्या वेळी कोणी कोणाला टोपणनाव देणार नाही, एवढी एक अट असावी.

दशवैकालिक सूत्रात चार कषायांवर चार उपाय सांगितले आहेत: क्रोधावर उपशम, मानावर मार्दव, मायेवर आर्जव आणि लोभावर संतोष. दशलक्षण पर्वात पहिले चार दिवस याच गुणांचे असतात. उपाय सांगितले आहेत याचाच अर्थ रोग हटू शकतो. ज्याचा स्वभाव बदलणारच नाही त्याला औषध कोण देईल?

आपले वडीलधारे रात्री दुकान वाढवण्यापूर्वी रोजमेळ लिहीत. दिवसभराची आवक-जावक, हातची शिल्लक आणि चूक असेल तर तिथेच दुरुस्ती. आदल्या दिवसाची शिल्लक वर लिहून दुसऱ्या दिवशी नवे पान उघडले जाई. प्रतिक्रमण हा मनाचा रोजमेळ आहे. मुलाच्या नावाने आपण एकच पान उघडून त्यावर ‘तापट’, ‘गर्विष्ठ’ किंवा ‘नोबिता’ असे लिहून वही मिटली असेल, तर येत्या पर्युषणापूर्वी ती वही पुन्हा उघडावी आणि त्या मुलाला शेजारी बसवून आजच्या तारखेचे पान लिहावे.

जय जिनेंद्र.